बेनीची बरोबर उत्तरं

बेनी बारा वर्षांचा होता, सहावीत. त्याच्या शाळेत गणिताचा तास म्हणजे प्रत्येक मुलानं आपापली पुस्तिका घ्यायची आणि आपापल्या गतीनं पुढं सरकायचं. आधी चाचणी, मग सराव, मग पुन्हा चाचणी. ८० टक्के मिळाले की पुढची पुस्तिका. तपासणाऱ्याच्या हातात उत्तरांची यादी. यादीशी जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर चूक. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेली ही पद्धत त्या काळी फार आधुनिक मानली जाई. हुशार मुलाला कुणासाठी थांबावं लागत नाही, मागं पडलेल्याला कुणी फरफटत नेत नाही, असं तिचं कौतुक होतं. बेनी तीत चांगला पुढं गेला होता. शिक्षकांच्या लेखी तो गणितातला चांगला विद्यार्थी होता.

स्टॅन्ली अर्लवांगर नावाचा संशोधक त्याच्याशेजारी बसला आणि एकेक उत्तर घेऊन विचारत गेला, हे तू कसं केलंस?

२/१० दशांशात कसं लिहायचं? बेनी म्हणाला, १.२. आणि ५/१०? १.५. ४/११ म्हणजे १.५ आणि ११/४ म्हणजेही १.५. ४००/४०० म्हणजे ८.००. वरची आणि खालची संख्या मिळवायची आणि त्यात टिंब बसवायचं, हा त्याचा नियम. ०.३ + ०.४ किती, तर ०.०७. दोन्ही संख्यांत टिंबानंतर एकेक आकडा, म्हणून उत्तरात टिंबानंतर दोन. गुणाकारात हा नियम अगदी बरोबर चालतो. बेनीनं तो बेरजेलाही लावला होता.

बेनी मंद नव्हता, आळशी तर नव्हताच. त्यानं स्वतःच्या डोक्यानं नियम शोधले होते आणि ते तो इमानेइतबारे पाळत होता. यादीत १/२ असेल आणि मुलानं २/४ लिहिलं तर ते चूक ठरायचं. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला होता की दोन्ही उत्तरं खरी असली तरी यादीला त्यातलं एकच आवडतं. गणित म्हणजे कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेले नियम, आणि आपलं काम यादीच्या मनातलं ओळखायचं. चार वर्षं या पद्धतीनं शिकल्यावर त्याच्या हाती आलेलं गणित हे होतं. आणि तरीही शिक्षकांच्या लेखी सगळं ठीक चाललं होतं.

हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. गणित शिक्षणाच्या अभ्यासकांना बेनी आजही माहीत असतो. मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांकडून मात्र मी त्याचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि त्याची गोष्ट कळण्याची गरज खरी त्यांनाच आहे. एकट्यानं, आपल्या गतीनं, उत्तर टाकायचं, हिरवी खूण आली की पुढं जायचं, ही रीत आज त्यांच्याच घरातल्या लॅपटॉपवर रोज चालू असते.

०००

अमेरिकेत सहावी ते आठवीला मिडल स्कूल म्हणतात. अंकगणित संपत आलेलं आणि बीजगणित अजून नीट सुरू न झालेलं, अशा त्या वर्षांतल्या गणिताला तिथं 'प्री-अल्जिब्रा' असं नाव आहे. आपल्याकडं या नावाचा वेगळा विषय नाही. बालभारतीच्या सहावी-सातवीच्या पुस्तकांत पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरच्या क्रिया, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, समीकरणं, बैजिक राशी हे जे धडे येतात, तेच हे.

मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणं अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. १९९३ पर्यंत ती वाट सगळीकडं मोकळी झाली. नियम मात्र राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्कमध्ये पालकांना वर्षाच्या सुरुवातीला शिक्षणाचा आराखडा द्यावा लागतो आणि दर तिमाहीला अहवाल पाठवावा लागतो. टेक्सासमध्ये घर ही खासगी शाळाच मानली जाते. वाचन, शब्दलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व शिकवलं म्हणजे झालं, कुणाला कळवावंही लागत नाही. करोनाच्या साथीत अमेरिकेच्या जनगणना खात्यानं केलेल्या पाहणीत, शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांपैकी घरी शिकवणाऱ्यांचं प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होतं, ते त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्क्यांवर गेलं. साथ गेल्यावर बरीच मुलं शाळेत परतली, सगळी नाही.

डॅलसच्या आसपास, न्यू जर्सीत, बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही आता हे दिसतं. कुणाचं मूल वर्गाच्या फार पुढं गेलेलं असतं, कुणाला शाळेत छळ सोसावा लागलेला असतो, कुणाच्या तब्येतीचा प्रश्न असतो. भाषा आणि इतिहास शिकवायचं या घरांना टेन्शन येतं. गणिताचं येत नाही. आईबाबा बहुतेकदा दोघंही इंजिनिअर, गणित आपल्याला येतंच, आणि बाकीचं ऑनलाइन आहे. या दोन आधारांवर सगळं चाललेलं असतं. दोन्ही आधार चांगले आहेत, पण बेनीचं जे झालं ते टाळायला पुरे नाहीत.

०००

गणित शिकवणाऱ्या यंत्राची कल्पना कुणा व्यापाऱ्याच्या नव्हे, एका बापाच्या डोक्यात आली होती. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसले. मुलं गणितं सोडवत होती. काहींचं केव्हाच झालेलं, काही अडून बसलेली, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. स्किनर अस्वस्थ होऊन परतले आणि त्यांनी यंत्र बनवायला घेतलं. प्रश्न छोट्या पायऱ्यांनी पुढं जाणार आणि प्रत्येक पायरीला ताबडतोब निकाल मिळणार. आजच्या बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांचा पाया तोच आहे.

त्याच दशकाच्या अखेरीला, हार्वर्ड ज्या गावात आहे त्याच केंब्रिजमध्ये, जॉन होल्ट नावाचा शिक्षक पाचवीच्या वर्गात गणित शिकवत होता. त्याचा सहकारी बिल हल शिकवत असताना होल्ट मागं बसून मुलांचे चेहरे बघे. त्याच्या लक्षात आलं की मुलं गणिताचा नव्हे, बाईंचा किंवा सरांचा विचार करत असतात. अर्धं उत्तर पुटपुटायचं, समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहायचं आणि मग वाक्य पुरं करायचं. १९६४ च्या 'हाउ चिल्ड्रन फेल' या पुस्तकात त्यानं हे सगळं मांडलं. पुढं शाळा सुधारतील ही आशा त्यानं सोडली आणि १९७७ साली मुलांना घरीच वाढवू पाहणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढलं. अमेरिकेतल्या होमस्कूलिंगच्या चळवळीचा एक मोठा प्रवाह तिथून निघतो. गणिताच्या वर्गातल्या मुलांच्या निरीक्षणातून हा प्रवाह निघाला, हे त्यात असलेल्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत आहे. २००४ साली बोस्टनमध्ये काम करणाऱ्या सलमान खाननं न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, फोनवरून गणित शिकवायला घेतलं. सहावीच्या अखेरच्या परीक्षेत एककांच्या रूपांतरात ती अडकली होती आणि त्यामुळं तिची रवानगी मागच्या गटात होणार होती. मग इतर भावंडं आली, २००६ पासून व्हिडिओ आले, २००८ साली संस्था झाली. खान अकॅडमीचा सगळा पसारा मिडल स्कूलच्या गणितात अडलेल्या एका मुलीपासून सुरू झाला. लोक या गोष्टीतला व्हिडिओ लक्षात ठेवतात. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा फोन. नादिया काय म्हणते हे त्या फोनवर तिच्या भावाला ऐकू येत होतं.

०००

हाच टप्पा इतका निसरडा का, हे एका साध्या गणितात दिसतं. ८ + ४ = ☐ + ५. चौकटीत काय येईल?

विस्कॉन्सिन विद्यापीठातले थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न पहिली ते सहावीच्या मुलांना दिला. १९९९ साली त्यांनी निकाल छापले. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानंही ७ लिहिलं नाही. बहुतेकांनी १२ लिहिलं, काहींनी सगळं मिळवून १७.

या मुलांना बेरीज येत होती. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम, हे त्यांच्या मनात बसलं होतं. पाच-सहा वर्षं तसंच घडलेलं असतं. डावीकडं गणित, मध्ये दोन आडव्या रेघा, उजवीकडं उत्तर. बीजगणितात ते चिन्ह तागडीचा काटा होतं, दोन्ही पारडी सारखी आहेत एवढंच सांगणारं. ज्या मुलाला हा बदल कळला नाही, ते २क्ष + ३ = ११ हे समीकरणसुद्धा सोडवून दाखवतं. 'पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं' हा मंत्र त्याला पाठ असतो. ते मूल अडतं २क्ष + ३ = क्ष + ९ पाशी, आणि तोवर अभ्यासक्रमाचे चार धडे हिरवे झालेले असतात.

अक्षरांचंही तसंच. ३आ म्हणजे तीन आंबे, असं सांगून बीजगणित सुरू करणारे पुष्कळ आहेत. सोपं वाटतं म्हणून सांगतात. पण 'आ' म्हणजे आंबा नव्हे, आंब्यांची संख्या किंवा एका आंब्याची किंमत, अशी कुठलीतरी संख्या असते. हा गोंधळ कुठवर टिकतो पाहा. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या 'व' आणि प्राध्यापकांची 'प' धरून समीकरण लिहा. अमेरिकेत जॉन क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रश्न दिला, तेव्हा ३७ टक्के चुकले. नेहमीची चूक म्हणजे ६व = प. बरोबर आहे व = ६प. मी हा प्रश्न घरी शिकवणाऱ्या आईबाबांनाही घालून पाहिला आहे. जे चुकले, ते त्यानंतर मुलांच्या चुकांकडं जास्त आस्थेनं पाहू लागले.

आणि पदावली. आपल्या पिढीनं 'कंचेभागुबेव' पाठ केलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. अमेरिकेतली मुलं 'पेमडास' म्हणतात, त्यात कंस आणि घातांकानंतर आधी गुणाकार, मग भागाकार, मग बेरीज आणि वजाबाकी. मराठी घरात दोन्ही मंत्र एकत्र येतात आणि भांडण लागतं. २४ ÷ ४ × २ घ्या. मुलगा पेमडासला शब्दशः जागून गुणाकार आधी करतो, २४ ÷ ८, उत्तर ३. बाबा कंचेभागुबेवनं १२ काढतात. बाबा बरोबर, पण योगायोगानं. खरा नियम असा की गुणाकार-भागाकार एकाच पायरीवरचे, डावीकडून जसे येतील तसे करायचे. आता ८ − ३ + २ घ्या. कंचेभागुबेव अक्षरशः पाळलं तर बेरीज आधी, म्हणजे ८ − ५ = ३. खरं उत्तर ७. आपला मंत्र भागाकाराला तारतो आणि वजाबाकीला बुडवतो. पेमडास दोन्हीकडं बुडवतो. मुलानं बाबांचा मंत्र असा तपासून पाहिला, तर त्या संध्याकाळी धड्यापेक्षा जास्त गणित झालं असं समजावं.

०००

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात अकरा वर्षांच्या एका मुलीचा अभ्यास पाहत मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. ऋण संख्यांचा धडा तिनं पुरा केला होता, सगळी उत्तरं बरोबर. −३ − (−५) = २. त्याखाली आईनं कागदावर आणखी एक लिहून दिलं, −३ − ५. मुलीनं क्षणात लिहिलं, ८.

"हे कसं गं केलंस?"

"दोन मायनस आले की प्लस होतो ना, आई."

व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. दोन मायनस शेजारी शेजारी आले तर, ही अट तिच्या कानावरून गेली होती, आणि त्या धड्यातल्या प्रश्नांत अटीवाचून अडलं नव्हतं.

आईनं ते खोडलं नाही. तिनं फळीवरून दोन बरण्या काढल्या, राजमा आणि काबुली चणे. "चणा म्हणजे एक रुपया, राजमा म्हणजे एक रुपयाचं कर्ज. मायनस तीन मांड." मुलीनं तीन राजमे मांडले. "आता यातून पाचाचं कर्ज काढून टाक."

"तीनच आहेत. पाच कुठून काढू?"

आई कुकरकडं वळली. मला वाटतं ती मुद्दामच वळली. मुलगी बराच वेळ राजम्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मी एक राजमा आणि एक चणा असे जोडीनं ठेवले, तर काही बदलत नाही ना?"

"का नाही बदलत?"

"कर्जपण वाढलं आणि पैसेपण. म्हणजे तेवढंच."

तिनं दोन जोड्या ठेवल्या. टेबलावर पाच राजमे, दोन चणे. पाच राजमे उचलले. दोन चणे उरले. मग कुणी न सांगता तिनं पुन्हा तीन राजमे मांडले आणि पाच रुपये काढून टाकायचे म्हणून पाच जोड्या ठेवल्या, पाचही चणे उचलले. आठ राजमे. "आठचं कर्ज," ती म्हणाली आणि मघाच्या ८ च्या आधी तिनं स्वतःच रेघ ओढली.

धन आणि ऋण संख्यांचे हे नियम ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवले, तेही धन आणि कर्ज याच भाषेत. शून्यातून ऋण काढलं की धन होतं, हे त्यानं स्पष्ट म्हटलं आहे. मुलीनं जोड्या ठेवल्या त्याच शून्याच्या होत्या.

या आईनं शिकवलं असं काहीच नाही, हे मला सांगायचं आहे. तिनं चुकीचं उत्तर पाडणारा प्रश्न दिला, कसं केलंस ते विचारलं, हाताला काहीतरी दिलं आणि पाठ फिरवली. पडद्यावरच्या अभ्यासक्रमानं व्याख्या, उदाहरणं, सराव हे सगळं आधीच करून ठेवलं होतं, आणि चांगलं करून ठेवलं होतं. तिच्यासाठी उरलं होतं ते ऐकण्याचं काम. इंजिनिअर आईबाबांना हेच सगळ्यात जड जातं. चूक दिसताक्षणी त्यांचा हात पेन्सिलीकडं जातो. ही आईही आधी तशीच होती, असं तिनंच सांगितलं.

तिच्या घरात आणखी एक गणित-शिक्षक आहेत, कराडजवळच्या गावातून व्हिडिओ कॉलवर येणारे आजोबा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. नातीला ते जुने पाढे शिकवतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पूर्वी आपल्याकडं व्यवहारासाठी मुलांकडून हे घोकून घेत. आजोबा नुसतं घोकून घेत नाहीत, पाऊणकीतलं 'पाऊण बारा नऊ' म्हणून झालं की विचारतात, "नऊ बारापेक्षा लहान का आला गं? गुणलं की वाढतं म्हणतेस ना तू?" गुणाकारानं संख्या वाढतेच, ही समजूत अपूर्णांकांपाशी मोडावी लागते, आणि ती मोडल्याशिवाय शेकडेवारी आणि प्रमाण दोन्ही लंगडी राहतात. आजोबा ती दर आठवड्याला थोडी थोडी मोडत आहेत.

०००

साधनांबद्दल पालक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सांगते.

खान अकॅडमी फुकट आहे आणि तिचा प्री-अल्जिब्राचा अभ्यासक्रम भरगच्च आहे. एका सरावसंचात ७० टक्के आले की पहिली पायरी, सगळे बरोबर आले की दुसरी. शेवटची पायरी मात्र नंतरच्या मिश्र चाचणीतच मिळते. सूचना मागितली तर ते उत्तर बरोबर धरलं जात नाही. बहुतेक मुलं दुसऱ्या पायरीवर थांबतात, कारण तिथंच सगळं बरोबर दिसतं. थांबू देऊ नये. फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांत एक प्रयोग झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. काही वर्गांना एका प्रकारची गणितं एकगठ्ठा दिली, काहींना तीच गणितं वेगवेगळ्या प्रकारांत मिसळून. महिनाभरानं घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना ६१ टक्के मिळाले, गठ्ठ्यानं केलेल्यांना ३८. कारण उघड आहे. धड्याचं नाव 'ऋण संख्यांची वजाबाकी' असलं की काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. मिश्र सरावात ते मुलाला ठरवावं लागतं. घरी हे करायला काही लागत नाही. मागच्या महिन्यातली पाच वेगवेगळी गणितं एका कागदावर लिहायची.

ज्या मुलांना कठीण गणितांची भूक असते, ती आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या संस्थेकडं वळतात. रिचर्ड रुझिक या गणित स्पर्धांतून आलेल्या माणसानं ती उभी केली. तिथल्या ऑनलाइन वर्गात चेहरा दिसत नाही, आवाज येत नाही. शिक्षक प्रश्न टंकतो, मुलं उत्तरं टंकतात, आणि त्यातली निवडक उत्तरं, त्यामागच्या विचारासह, सगळ्यांना दिसतात. पहिल्यांदा पाहताना ते कोरडं वाटतं. पण अबोल मुलाला तिथं वाव मिळतो, आणि 'कारण' या शब्दापुढं काहीतरी लिहावंच लागतं. वर्गाचे पैसे शेकडो डॉलरमध्ये जातात. संस्थेचा अल्कुमस हा सराव आणि रुझिकचे प्री-अल्जिब्राचे व्हिडिओ मात्र फुकट आहेत. आलेख काढून देणारी डेस्मॉस आणि जिओजेब्रा ही साधनंही फुकट आहेत. आलेख हातानं काढून झाल्यावर ती वापरावीत.

महाराष्ट्रात होमस्कूलिंग करणाऱ्यांची वाट अधिक अडचणीची आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलतो, घरच्या शिक्षणाला तो ना नाव घेऊन परवानगी देतो ना बंदी घालतो. दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते, आणि आता राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीच्या समकक्ष परीक्षा घेतं. मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ साली एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा या पालकांना मोठा धीर आला. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधली पदकं तिच्याजवळ होती, दहावी-बारावीचा कागद नव्हता. पण तिचं उदाहरण सगळ्यांच्या गळ्यात घालू नये. बहुतेक मुलांना शेवटी १७ नंबरच्याच वाटेनं जायचं असतं, मराठी किंवा इंग्रजी प्रश्नपत्रिकेला बसायचं असतं. म्हणून परदेशी अभ्यासक्रम करणाऱ्या मुलांच्या हाती ई-बालभारतीवरची फुकट पुस्तकंही असावीत. परिमेय संख्या, सहगुणक, चल हे शब्द आठवीच्या परीक्षेत पहिल्यांदा भेटू नयेत.

राहिला प्रश्न फोटो काढला की गणित सोडवून देणाऱ्या ॲपचा आणि आता संवादी एआयचा. फोटोमॅथ २०१४ साली आलं तेव्हापासून गृहपाठाचं उत्तर ही फोनमधली वस्तू झाली आहे. खान अकॅडमीनं २०२३ साली खानमिगो आणला, तो थेट उत्तर न देता उलट प्रश्न विचारतो. ही दिशा मला पटते. तरीही मुलाला आधी माणसापुढं बोलायची सवय हवी. यंत्राला हवं तसं वाक्य टंकायला मुलं फार लवकर शिकतात, होल्टच्या वर्गातली मुलं बाईंचा चेहरा वाचायला शिकली होती तशीच.

ज्या घरात मूल या टप्प्यावर आहे, तिथं नवा धडा उघडण्याआधी एक प्रश्न तोंडी घालून पाहावा. १२/१३ + ७/८ याचं उत्तर अंदाजे किती? १, २, १९ की २१? छेद समान करायचे नाहीत, कागद घ्यायचा नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न होता आणि २४ टक्क्यांनीच २ म्हटलं. १९ आणि २१ म्हणणारे त्याहून जास्त निघाले. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकएक आहेत, हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी क्षची समीकरणं म्हणजे बेनीची पुस्तिका. अशा मुलाचा पुढचा अभ्यासक्रम थांबवावा आणि अपूर्णांकांकडं परत जावं, महिना गेला तरी चालेल, दोन गेले तरी. शाळेला ते जमत नाही, पुढचा धडा आणि पुढची घटक चाचणी ठरलेली असते. घरी वेळापत्रक आपलंच असतं.